हात आवर

पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू 'हो बाई' म्हणतोस आणि विषय तिथेच संपवतोस. हा विषय संपलेला नाही. परवा मी त्या देवळात जाऊन आले. तू लावलेल्या सोळा देवचाफ्यांपैकी सात मेले आहेत आणि आणखी तीन जायच्या वाटेवर आहेत. विश्वस्तांना तू सांगितलंस की झाडांना ऊन सोसलं नाही. हे खोटं आहे. शब्द जड वाटला तर वाटू दे. वनस्पतिशास्त्र तू माझ्याकडे शिकलास, आज स्वतःची रोपवाटिका चालवतोस, बागा लावायची कंत्राटं घेतोस. तेव्हा तुला ठाऊक नव्हतं असं मी मानणार नाही. ती झाडं उन्हाने गेलेली नाहीत. पाण्याने गेली. तू दिलेल्या पाण्याने.

मी प्रत्येक बुंध्याशी वाकून अंगठ्याने दाबून पाहिलं. तहानलेला चाफा सुरकुततो. साल आक्रसते, पण खोड टणक राहतं आणि पाणी मिळालं की काही दिवसांत पुन्हा भरून येतं. तुझ्या झाडांची साल जमिनीलगत काळी पडली होती, अंगठा सहज आत जात होता आणि कुजका वास येत होता. हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. वाकावं लागतं. लावणीनंतर तू एकाही झाडाला हात लावलेला नाहीस. लावला असतास तर पहिल्याच झाडाशी थबकला असतास आणि उरलेली सहा वाचली असती.

आता खड्ड्यांचं बोलू. सीना नदीकाठची ती जमीन काळी, चिकण, हातात घेतली की बोटांना धरून बसणारी. तिचा स्वभाव शाळकरी पोरालाही माहीत असतो: ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यात तू तीन-तीन फूट खोल खड्डे घेतलेस आणि ते शेणखत, पालापाचोळ्याचं खत आणि पोयटा घालून काठोकाठ भरलेस. मऊ, भुसभुशीत, पाणी शोषून घेणारं मिश्रण आत आणि चहूबाजूंनी पाणी न सोडणारी भिंत. तो खड्डा राहिला नाही, हौद झाला. मृग-आर्द्राचा पाऊस पडला, आजूबाजूचं पाणी उतारावरून त्यात उतरलं आणि मुळं आठवडेच्या आठवडे त्यात बुडून राहिली. मुळांना हवा लागते हे तू परीक्षेत लिहून गुण मिळवलेस. मग कुदळ हातात आल्यावर ते कुठे गेलं?

काळ्या रानात चाफा खाली लावायचा नसतो, वर लावायचा असतो. जमीन फक्त वरवर खरवडायची. तिच्यावर मुरूम, जाडी वाळू, विटांचा चुरा आणि तांबडी माती यांचा फूट-दीड फूट उंच, चार-पाच फूट रुंद उंचवटा करायचा. त्यात चांगलं कुजलेलं शेणखत असावं, पण थोडंच. झाड त्या उंचवट्याच्या माथ्यावर बसवायचं. पाऊस कितीही झाला तरी पाणी बुंध्यापासून बाजूला निघून जातं, आणि मुळं आपली आपण, झेपेल तशी, खालच्या काळ्या मातीत शिरतात. जुन्या किल्ल्यांवर, देवळांच्या उघड्या आवारात चाफे उभे दिसतात ते असेच, मुरमाड उंचवट्यावर. तिथे कुणी पोयटा नेऊन टाकलेला नव्हता.

यानंतर जे पाहिलं त्याने मला खरा संताप आला. झाडांभोवती तू हिरवळ लावली आहेस. प्रत्येक बुंध्याशी ठिबकची नळी आहे, आणि हिरवळीसाठी संध्याकाळी रबरी नळीने वेगळं पाणी. मी तिथे उभी असताना देवळाच्या मागच्या रस्त्यावर टँकर आला. बायका आणि पोरं हंडे, कळश्या, तेलाचे रिकामे डबे घेऊन धावली. आणि आवारात भिंतीच्या अलीकडे, पाणी नको असलेल्या झाडांच्या मुळाशी पाणी थेंब थेंब जिरत होतं. त्या गावाच्या तोंडचं पाणी घेऊन तू झाडं कुजवलीस. एका चुकीने दोन अपराध केलेस, आणि विश्वस्तांसमोर दोष उन्हावर ढकललास.

चाफा या उन्हासाठीच घडलेला आहे. त्याचं मूळ घर मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांच्या पट्ट्यात. तिथे काही महिने पाऊस आणि बाकीचे महिने कोरडे. म्हणून त्याचं खोड जाड आणि गरदार असतं, पाणी साठवून ठेवतं. म्हणूनच कोरडे दिवस आले की तो पानं टाकतो, पाण्याचा खर्च थांबवतो आणि उघड्या फांद्यांनी उभा राहतो. सोलापूरकडचं हवामान त्याला परकं नाही. सहा तासांहून जास्त थेट ऊन त्याला हवंच, सावलीत तो नुसता लांबट वाढतो आणि फुलत नाही. तुझ्या रोपवाटिकेतली रोपं हिरव्या जाळीखाली वाढली, तिथून काढून एका दिवसात फरशीच्या आवारात रणरणत्या पश्चिमेला लावलीस, तर कोवळी साल भाजते हे खरं. तेवढ्यासाठी दोन-तीन आठवडे रोज थोडं जास्त ऊन देत सवय लावायची असते, पश्चिमेकडच्या खोडाला चुन्याचा हात द्यायचा असतो. पण भाजलेली साल तपकिरी, कोरडी होते. काळी, ओली होत नाही. म्हणजे उन्हाची सबब इथेही टिकत नाही.

पाण्याचं वेळापत्रक कुठून आणलंस, ते मी तुझ्या माणसाला विचारलं. त्याने मला तुझा छापील तक्ता दाखवला. तो सोनचाफ्याचा तक्ता आहे. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला, दमट रानातला, सुपीक आणि सतत ओलसर मातीत सुखावणारा. देवचाफा कण्हेरीच्या कुळातला. एकाला रोजचा ओलावा लागतो, दुसऱ्याला दोन पाण्यांमध्ये पूर्ण कोरडेपण लागतं. बाजारात दोघांना चाफा म्हणतात म्हणून तू दोघांना एकच तक्ता लावलास. वर्गात मी तुम्हाला पान फोडून चीक दाखवला होता तो याचसाठी. कुळ ओळखा, मग स्वभाव ओळखता येतो.

आता नीट लिहून घे. नवीन लावलेल्या झाडाला पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याने एकदा, सावकाश, खोलवर मुरेल असं पाणी. पुढच्या वर्षापासून, पानं असलेल्या दिवसांत, उंचवट्याची माती वीतभर खोल सुकली की मगच पाणी. बोट खुपसून पाहायचं नाही, लोखंडी गज खुपसायचा. वरचं बोटभर तर दुपारपर्यंतच वाळतं आणि फसवतं. पावसाळ्यात आपण काही द्यायचं नाही. मार्गशीर्षात पानं पिवळी पडून गळायला लागली की पाणी तोडायचं आणि नवे कोंब दिसेपर्यंत तोडलेलंच ठेवायचं. निष्पर्ण झाड पाणी पीत नाही. त्याच्या मुळाशी ओल राहिली की कूज धरते. तुझी निम्मी झाडं पावसाळ्यात गेली नसावीत. बुंध्यांची जुनी, पसरलेली कूज पाहून मला वाटतं ती पौष-माघात गेली, कारण ठिबक तेव्हाही चालू होतं.

त्याच दिवसांत तू आणखी एक केलंस. उघडी झाडं पाहून विश्वस्तांना वाटलं ती मेली, आणि तू त्यांना समजावण्याऐवजी युरिया टाकलास. नखाने साल जरा खरवडली असतीस तर खाली हिरवं दिसलं असतं, चिकाचा थेंब आला असता आणि ते झाड जिवंत असल्याचं त्यांच्या डोळ्यांदेखत सिद्ध झालं असतं. उलट नुसत्या नत्राने पानं माजतात, फांद्या मऊ राहतात, फुलं येत नाहीत. पानं फुटल्यावर, पावसाच्या तोंडावर, घमेलंभर कुजलेलं शेणखत बुंध्यापासून हातभर लांब पसरलं की वर्षाचं भागतं.

आणि मग कात्री. फाल्गुनात, फुलायच्या ऐन आधी, तुझ्या माणसांनी वाचलेल्या झाडांची टोकं एकसारखी छाटली, कारण तुला गोल आकार हवा होता. चाफ्याचा तुरा कुठे येतो? फांदीच्या टोकावर. दुसरीकडे कुठेही नाही. तुरा आला की त्याच्याखालून दोन-तीन नव्या फांद्या फुटतात आणि पुढच्या खेपेला त्यांच्या टोकांवर तुरे येतात. झाडाचा तो छत्रीसारखा पसारा याच हिशेबाने बनतो, त्याला कुणाच्या कात्रीची गरज नसते. तू प्रत्येक टोक छाटलंस म्हणजे यंदाचं प्रत्येक फूल छाटलंस. कुजलेली, मोडलेली किंवा वाटेत येणारी फांदी काढ, तीही तिच्या मुळापासून स्वच्छ. बाकी हात लावू नकोस. या झाडाला घडवायचा हव्यास सोड.

वासाबद्दल तुला विशेष सांगायचं आहे, कारण तिथे तू विश्वस्तांचा शब्दच मोडलास. त्यांना संध्याकाळच्या आरतीच्या वेळी आवारात सुगंध दरवळायला हवा होता. पूर्वेच्या भिंतीला तू लांब, चमच्याच्या आकाराची पानं असलेला, बारमाही फुलणारा पांढरा चाफा ओळीने लावलास. तो प्लुमेरिया पुडिका. लवकर वाढतो, सतत फुलतो, कलमं पटापट धरतात, विकायला सोपा. आणि त्याला वास जवळपास नाही. मी तिथे दिवेलागणीला उभी राहिले आणि काहीच आलं नाही. ज्यांनी सुगंध मागितला त्यांना तू फुलांचा आकडा दिलास.

सुगंधाचा चाफा मातृवृक्ष पाहून निवडतात, आणि तो दुपारी पाहायचा नसतो. त्याचा वास संध्याकाळनंतर चढतो आणि रात्री सर्वांत गडद होतो, कारण त्याचं आमंत्रण रात्री उडणाऱ्या मोठ्या सोंडेच्या पतंगांना आहे. फुलात मध नसतो. पतंग नुसत्या वासाला भुलून या फुलावरून त्या फुलावर जातो आणि परागीकरण होऊन जातं. म्हणून आपल्या गावातली, आजूबाजूच्या वस्तीतली जुनी झाडं हेरायची, तिन्हीसांजेनंतर त्यांच्याखाली उभं राहायचं आणि ज्याचा वास अंगणभर पसरतो त्याच्या मालकाकडे फांदी मागायची. पांढऱ्या पाकळ्या आणि मध्ये हळदी गळा असलेला, टोकदार पानांचा जुना चाफा यात बहुधा पहिला येतो. गोल टोकाच्या पानांचा प्लुमेरिया ऑब्ट्युसाही सुगंधी आहे आणि हिवाळ्यात कमी पानं टाकतो. तांबड्या-गुलाबी जातींचा वास झाडागणिक वेगळा, हुंगल्याशिवाय घेऊ नकोस. शेंगेतल्या बियांपासून केलेलं रोप आईसारखं निघेल याची खात्री नसते आणि त्याच्या पहिल्या फुलाला काही वर्षं वाट पाहावी लागते. फांदीपासून केलेलं झाड हुबेहूब तेच असतं, वासासकट.

फांदी कशी घ्यायची हे तुझ्या माणसांना तू चुकीचं शिकवलं आहेस. त्यांनी भर श्रावणात, पानांनी लदलेल्या झाडाच्या हिरव्या कोवळ्या फांद्या तोडल्या आणि चीक गळत असतानाच पिशव्यांत खोचल्या. त्यांतल्या बहुतेक कुजल्या हे मला सांगताना त्यांच्यातला एक पोरगा तुझ्यासमोर नव्हता म्हणून मोकळेपणी बोलला. फांदी घ्यायची ती माघ-फाल्गुनात, झाड उघडं असताना. साल करडी झालेली, अंगठ्याहून जाड, हातभर लांब. पानं असतील तर काढून टाकायची. मग ती सावलीत, वाऱ्यावर, आडवी ठेवायची. आठवडा लागू दे, पंधरवडा लागू दे, कापलेल्या जागेवर कोरडी खपली धरली पाहिजे. ती धरली की वाळू-मुरमाच्या मिश्रणात वीतभर खोल लावायची, काठीला बांधायची म्हणजे वाऱ्याने हलणार नाही, एकदा पाणी द्यायचं आणि मग थांबायचं.

हे थांबणंच तुम्हा लोकांना जमत नाही. कलमाला पानं फुटली की मुळं धरली असं समजून तुम्ही पाणी वाढवता. ती पहिली पानं खोडातल्या साठ्यावर येतात, मुळं तेव्हा असतीलच असं नाही. ओढून पाहायचं नाही, उपटून पाहायचं नाही. पानं पूर्ण आकाराची होऊन दुपारीही ताठ राहायला लागली की मुळं कामाला लागली. पहिल्याच वर्षी तुरा आला तर तो खुडून टाकायचा, झाडाला आधी पाय रोवू द्यायचे. गिऱ्हाइकाला फूल दाखवायची घाई तुला असेल, कलमाला नसते.

पावसाळ्यानंतर पानांच्या मागे नारिंगी भुकटी दिसेल. तो तांबेरा. तेवढ्याने झाड मरत नाही. गळलेली पानं रोज वेचून आवाराबाहेर न्यायची, पानांवर पाणी मारायचं नाही, झाडं एकमेकांना खेटून लावायची नाहीत. पिठ्या ढेकूण दिसले तर जोरदार पाण्याने धुऊन काढायचे, पुन्हा आले तर निंबोळी अर्क. उगाच जहाल औषधं देवळाच्या आवारात फवारू नकोस, तिथे लोक अनवाणी फिरतात.

तिथल्या पाटीवर तू 'प्राचीन भारतीय देववृक्ष' असं रंगवून घेतलं आहेस. विश्वस्तांपैकी एका आजोबांनी हे मसणवटीतलं झाड म्हणून हरकत घेतली होती आणि त्यांचं तोंड बंद करायला तू ही पाटी लावलीस, असं मला कळलं. पण देवचाफ्याचं प्लुमेरिया हे शास्त्रीय नाव फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल प्लुमिए याच्यावरून आलं. तो 1646 ते 1704 या काळातला, कॅरिबियन बेटांवर हिंडून झाडं नोंदवणारा संन्यासी. लिनियसने 1753 साली या झाडाला शास्त्रीय नावात बसवलं. निकाराग्वाचं ते राष्ट्रीय फूल आहे, आणि लाओससारख्या दूरच्या देशानेही त्यालाच राष्ट्रीय फूल मानलं. अमेरिकेतून निघालेलं झाड आपल्याकडे देवळात, दर्ग्यात आणि स्मशानात सारखंच रुजलं, कारण ते दुर्लक्षात जगतं आणि पायाखाली स्वच्छ फुलं टाकतं. हे त्या आजोबांना शांतपणे सांगितलं असतंस तर ते ऐकून घेण्याइतके समंजस आहेत, मी त्यांच्याशी बोलले. भक्तीच्या जागी खोटी पाटी लावायचा अधिकार तुला कुणी दिला? ती उतरव. नाव, मूळ प्रदेश आणि 'चीक डोळ्यांना घातक' एवढं लिही.

चिकाची ओळ मी मुद्दाम घालायला सांगते आहे. फाल्गुनातल्या त्या छाटणीच्या वेळी तुझ्या एका मजुराने घाम पुसला आणि चीक डोळ्यात गेला. डोळा लाल झाला, सुजला, त्याला दोन दिवस काम करता आलं नाही. तू त्याला हातमोजे दिले नव्हतेस. चष्मा दिला नव्हतास. चीक डोळ्यात गेला तर डोळा लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवायचा आणि डॉक्टरकडे जायचं, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. बाकी सगळ्या चुका झाडांवरच्या होत्या. ही माणसावरची आहे, आणि हिच्याबद्दल मी तुझ्याशी फार वेळ नीट बोलू शकणार नाही.

आता काय करायचं ते ऐक. वैशाख संपायच्या आत कर, पाऊस आला की वेळ हातातून जाईल. ठिबक आजच बंद. प्रत्येक बुंध्याभोवतीची पाच फूट हिरवळ उचलून टाक, आणि जमलं तर सगळीच. जी तीन झाडं बुडाशी कुजत आहेत ती वाचू शकतात: कूज जिथे संपते त्याच्या वर काप, गाभा पाहा, तांबूस-काळी रेघ दिसली तर आणखी वर काप, गाभा अगदी स्वच्छ पांढरा लागेपर्यंत. दर कापाला पातं पुसून घे, नाहीतर कूज तूच वर नेशील. वरचा निरोगी भाग आडोशाला सुकव, खपली धरली की नव्या उंचवट्यावर लाव. मेलेल्या सात झाडांचे खड्डे मुरमाने भरून काढ आणि त्यांच्यावरही उंचवटे कर. तिथे लावायला फांद्या पुढच्या माघात मिळतील, तोवर ती जागा रिकामी राहू दे. विश्वस्तांना रिकामी जागा खटकली तर त्यांना खरं कारण सांग. नवी झाडं तुझ्या पैशांनी.

हातमोजे आधी आण, मग कात्रीला हात लाव. आणि त्या मजुराचे दोन दिवसांचे पैसे आणि डोळ्याच्या डॉक्टरचा खर्च दिलास की नाही, ते मला पत्राने कळव. फोन करू नकोस.